साहेबांचा निकाल

आमच्या रेल्वेचे निवृत्त बडे साहेब वारल्याची तार सोलापूर स्टेशनावर आली, ती माझ्याच हातात पडली. साऱ्या रेल्वेचा कारभार ज्यांनी अनेक वर्षं पाहिला आणि खलाशापासून ड्रायव्हरपर्यंत ज्यांच्याविषयी कुणी वाकडा शब्द काढत नसे, ते हे साहेब. तार वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. ‘सुटलो’ असं आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आता लपवून काय करायचं?

दुसऱ्या दिवशी रेल्वे इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आमच्या नोकरवर्गाच्या क्लबचे, सेक्रेटरी आले.

“रविवारी शोकसभा ठेवलीय. तुम्ही बोलायचं. ती चौकशीची गोष्ट सांगा. साहेबांच्या न्यायबुद्धीचं त्याहून चांगलं उदाहरण नाही.”

“दुसरं कुणी...”

“अहो, तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलं! नव्या नवरीसारखे लाजता काय?”

ती गोष्ट आमच्या लाइनीवर सर्वांना पाठ होती. साहेबांनी एका सांधेवाल्याला आपल्यासमोर खुर्ची दिली, त्याचं सगळं ऐकलं आणि मगच त्याला नोकरीवरून काढलं, अशी ती गोष्ट. तो निकाल खोट्यावर उभा होता, हे मला आणि त्या सांधेवाल्यालाच ठाऊक होतं.

तेव्हा मी सोलापूरजवळच्या एका लहान स्टेशनावर असिस्टंट मास्तर होतो. एकेरी लाइन. मालगाडी आली की तिच्या शेवटी गार्डाचा डबा आहे ना, हे पाहायचं आणि मगच मागच्या स्टेशनाला ‘गाडी पूर्ण आली’ असं कळवायचं, हा नियम. ते कळल्यावरच तिथून पुढची गाडी सोडत. लांबच्या टोकाला रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला उभा असे. गार्डाचा डबा त्याच्यापुढून गेला की तो हिरवं निशाण दाखवी. सगळे त्याला मामा म्हणत.

त्या दुपारी मागच्या स्टेशनात पॅसेंजर खोळंबली होती आणि उशीर का, म्हणून मला सारखी विचारणा होत होती. मालगाडीची चाकं वाजली. मी टेबलावरून उठलोही नाही, गाडी पूर्ण आली म्हणून कळवून टाकलं. बाहेर आलो तर मामा लाल निशाण हलवत रुळांतून पळत येत होता.

“मास्तर, थांबा! गाडी तुटलीया! निम्मं डबं मागंच ऱ्हायलं!”

पॅसेंजर तोवर सुटली होती. आता तिला थांबवायचं साधन नव्हतं. रूळ सरळ होता म्हणून तिच्या ड्रायव्हरला उभे डबे लांबून दिसले. त्याने तीनचार तारखांबांच्या अंतरावर गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळच्या आत रिपोर्ट पाठवायचा होता. तो मी लिहिला. मामाची जबानीही मीच लिहिली. ‘गार्डाचा डबा आला असं समजून मी चुकून हिरवं निशाण दाखवलं.’

“काय लिवलंय, मास्तर?”

“गाडी तुटली, डबे मागे राहिले, असं.”

“मंग बराबर हाय,” म्हणून त्याने अंगठा उठवला.

साहेब त्या आठवड्यात तपासणीसाठी सोलापुरात होते. पॅसेंजरचा प्रश्न, म्हणून चौकशी त्यांनी स्वतः आपल्या सलूनमध्ये, म्हणजे साहेबांच्या खास डब्यात, घेतली. निरक्षर माणसाचा अंगठा घेण्याआधी कागद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, हा हुकूम त्यांनीच काढलेला. तो प्रत्येक स्टेशनात भिंतीवर लावलेला होता. मामा पुन्हा पुन्हा सांगत होता, मी हिरवं निशाण दाखवलंच नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग तो कागद हातात घेऊन माझ्याकडे वळले.

“पढके सुनाया था?”

“जी, साहेब.”

ते माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मी नजर हलवली नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमानच वाटला होता.

शोकसभेच्या दिवशी इन्स्टिट्यूटच्या व्हरांड्यात मामा उभा होता. केस पांढरे, अंगावर गिरणीतल्या कापसाची लव. शेजारी तरणाताठा मुलगा.

“वळखलंसा का, मास्तर?”

“मामा... इथे कसे?”

“पोराला रूळ दुरुस्तीच्या गँगमंदी लागायचंय. कारकून म्हनतोय, तुज्या बापाच्या नावाम्होरं लाल शाई हाय. आज मोठं अधिकारी येनार म्हनं. त्यास्नी इचारावं म्हनून आलोय.”

“साहेबांवर राग नाही तुमचा?”

“त्यांच्यावर कशापायी? जल्मात पैल्यांदा कुनी खुर्ची दिली, ती त्यांनी. राग कुनावर धरायचा ते ठावं हाय की मला.”

सभेत तो मागच्या रांगेत बसला. साहेबांच्या तसबिरीला हार घातलेला होता. मी उठलो, ठरल्याप्रमाणे गोष्ट सुरू केली. “साहेबांनी मला विचारलं,” एवढं बोलून थांबलो. सेक्रेटरी हसून मान हलवत होते, बोला बोला म्हणून.

“मी त्यांना खोटं सांगितलं,” मी म्हणालो. “कागद मी वाचून दाखवला नव्हता. निशाणही मामाने दाखवलं नव्हतं. चूक माझी होती.”

सेक्रेटरींनी माझा कोट ओढला. “खाली बसा!” कुणीतरी म्हणालं, “शोकसभा आहे का कोर्ट?” अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

सभा संपल्यावर मामा जवळ आला. “बोललासा, बरं केलंसा. आता कागदावर द्या. हितं कागदालाच मानत्यात.”

मी सगळं लिहून सही करून वर पाठवलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मला खालच्या जागेवर उतरवून आडबाजूच्या स्टेशनात टाकलं होतं. ते योग्यच झालं. सांधेवाल्याबद्दल मात्र एकच वाक्य होतं: दिवंगत साहेबांचा निकाल फिरवणं त्यांच्या स्मृतीला शोभणारं नाही.

गिरणी सुटायच्या वेळी फाटकाशी मामाला गाठून मी ते सांगितलं. त्याने डोक्याचं मुंडासं काढून झटकलं.

“म्हंजी साहेब चांगलं हुतं म्हनून माज्या पोराला नोकरी न्हाय.”

साहेब असते तर तो निकाल त्यांनी आपल्या हाताने फाडला असता, याची मला खात्री आहे. निवृत्तीनंतर ते सात वर्षं हयात होते. त्यांचा पत्ता माझ्याजवळ होता.