आलापल्लीच्या दवाखान्यातलं बर्फाचं कपाट

भूतखेत, चकवा, चिंचेवरची बाई... असल्या गोष्टी मी जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकल्या आणि हसण्यावारी नेल्या. माझा धंदाच तसा. स्टोव्ह, कंदील, गॅसबत्त्या दुरुस्त करायच्या. यंत्र बंद पडलं की त्याला कारण असतंच. कुठे कचरा अडकलेला असतो, कुठे वायसर गेलेला असतो. कारण सापडलं नाही तर तुम्ही नीट पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. या सदरातले लोकांचे अनुभव वाचतानाही माझं मन हेच म्हणत असतं.

तरी एक प्रकार असा आहे की नीट पाहूनही मला त्याचं कारण सापडलेलं नाही. तो आज लिहितो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदा जिल्हाच. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, जटपुरा गेटच्या आत आमचं छोटं दुकान होतं. अब्बा गेल्यावर ते मी आणि माझा धाकटा भाऊ लतीफ चालवत होतो. घरात आमची बोली म्हणजे हिंदी-मराठीची खिचडी, पण इथे सगळं मराठीतच लिहितो.

मी थोरला. अब्बांच्या हाताखाली आधी मी शिकलो, बोटं आधी मी भाजून घेतली. लतीफ मागून दुकानात आला आणि... कसं सांगू... त्याला शिकवावंच लागलं नाही. स्टोव्ह नुसता कानाशी धरायचा आणि सांगायचा, "याच्या नळीत काजळी हाय." उघडून पाहावं तर काजळीच! गिऱ्हाईक यायचं, मी समोर बसलेला असायचो, तरी विचारायचं, "याकूबभाऊ, लहाना कुठी हाय?"

"मी हाय ना. दाखवा."

"नाई, असू द्या. तो आला का येतो."

हे ऐकून मी हसायचो. हसायचो आणि आतल्या आत माझा जीव जळायचा. लतीफ स्वभावानं गोड होता, तेही मला खुपायचं. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्यातच जंगलपट्टीत घासलेटवर चालणारे फ्रिज आले. फार नाही, एखाद्या साहेबाच्या बंगल्यात, एखाद्या दवाखान्यात. लोक त्याला बर्फाचं कपाट म्हणत. खाली टाकी, टाकीवर वात आणि त्या वातीच्या आचेवर वर बर्फ जमायचा! लोकांना ती जादू वाटायची. जादू कसली, सगळा खेळ ज्योतीचा. ज्योत निळी पाहिजे. पिवळी झाली की धुरांड्यात काजळी धरते आणि बर्फ वितळायला लागतो. कपाट जमिनीवर अगदी सपाट उभं पाहिजे, जरा कललं तरी काम बिघडतं. वर जमलेला बर्फ सुरीनं खरवडायचा नाही, दार उघडं ठेवून आपोआप गळू द्यायचा. आणि सगळं करूनही थंड होत नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे टाकी काढून कपाट डोक्यावर उलटं करायचं, तसंच बराच वेळ ठेवायचं. आतलं अडकलेलं पाणी गुडगुड करत मोकळं होतं. मग सरळ करून, थोडं थांबून वात पेटवायची. हे सगळं लतीफनं कुठून उचललं ते त्यालाच ठाऊक. मला त्याच्याकडूनच ऐकावं लागलं, म्हणजे बघा.

आलापल्लीच्या दवाखान्यातलं कपाट आदल्या वर्षी त्यानंच जाऊन बसवलं होतं. ऐन उन्हाळ्यात लाकडाच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप आला की कपाट बंद पडलंय, सापाच्या विषावरच्या लशीच्या बाटल्या आत आहेत, लतीफला ताबडतोब पाठवा.

लतीफ मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला होता. त्याला मान उचलवत नव्हती.

"मी जातो," मी म्हटलं.

तर हा पडल्या पडल्या, सुकलेल्या ओठांनी मला शिकवायला लागला, "भाईजान, पयले वात पायजो... कोपरे गोल काप... मंग बी नाई झालं तर..."

"उलटं करतो. मालूम हाय मले," मी म्हटलं आणि निघालो. खरं सांगतो, आजाऱ्याला सोडून चाललो होतो पण पाय हलके झाले होते. एकदा तरी तिथले लोक माझं नाव घेणार होते.

ज्या ट्रकनं निघालो त्याच्या स्प्रिंगचा पाटा वैनगंगेच्या अलीकडे तुटला आणि रात्र रस्त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आष्टीच्या घाटावर नावेसाठी बसून राहावं लागलं. नाववाला पलीकडे गेला तो आलाच नाही. मुक्काम तिथेच पडला. तिसऱ्या दिवशी पलीकडे जाऊन एका बैलगाडीनं, मग एका सरकारी गाडीनं आलापल्ली गाठली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दवाखाना सागाच्या डेपोजवळ. पायरीवर सगुणाबाई नावाची दाई तांदूळ निवडत बसली होती.

मी म्हटलं, "चांद्याहून आलो, लतीफचा मोठा भाऊ. बर्फाचं कपाट दुरुस्त करायले."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "आता काऊन आले? ते तं काल सकाळीच झालं. तुमचे भाऊ येऊन करून गेले."

"कोणता भाऊ?"

"आता घ्या! तुमाले किती भाऊ हायेत? तोच, मागच्या साली आलता तो. लतीफभाऊ."

मी आत गेलो. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात कपाट चालू होतं. दार उघडलं तर थंडगार हवा तोंडावर आली, बर्फाच्या भांड्यात बर्फ घट्ट जमलेला. खाली वाकून ज्योत पाहिली. निळी, स्थिर. वात पाहिली. कोपरे गोल कापलेले. एका पायाखाली सागाच्या लाकडाची चपटी ढलपी सारलेली, आणि तीही लतीफच्या सवयीप्रमाणे मागच्या डाव्या पायाखाली. हात त्याचाच होता. मी त्या हाताला डोळे मिटूनही ओळखलं असतं. इतकी वर्षं त्याच हातावर माझी नजर होती.

सगुणाबाई मागे येऊन उभी राहिली. "पन त्याची तब्येत बरी नाई का वो? एवढ्या उन्हात आंगावर रजई घेऊन आलता. लाल फुलायची. पाय बी अनवानी. म्या म्हटलं, हिवताप हाय का भाऊ? तं बोलेच नाई. नुसता बोटानं दाखवे... इकून धरा, तिकून धरा. म्या आन् गाडीवानानं हात लावला, कपाट उलटं केलं. त्याचा हात लागला माह्या हाताले... तव्यावानी तापला होता."

"मंग?"

"मंग बसून राह्यला इथीच, भिताडाले टेकून. दुपार कलली तवा सरळ केलं, वात लावली. गडवाभर पानी पेला. आन् गेला डेपोकडं. कोनत्या गाडीनं गेला, नाई पायलं."

लाल फुलांची रजई आमच्या अम्मीची होती.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. नाही. मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. माझी खात्री झाली की ताप उतरताच हा उठला, दुसऱ्या रस्त्यानं माझ्या आधी पोचला, आणि जायचं कशासाठी, तर थोरल्याच्या हातून काही होणार नाही म्हणून! तेवढंही त्यानं मला मिळू दिलं नाही.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. तेंदूपत्ता तोडणाऱ्या एका बाईला खाटेवर घालून आणलं होतं, पायाला नाग चावला होता. डॉक्टरसाहेब धावत आले, कपाट उघडलं, बाटली काढली. त्यानंतरचा वेळ मी भिंतीशी उभा राहून नुसता पाहत होतो. बाईचे मिटलेले डोळे संध्याकाळच्या सुमारास उघडले. तिनं नवऱ्याला हाक मारली.

डॉक्टरसाहेब कपाळ पुसत मला म्हणाले, "कपाट बंद पडल्यावर मडक्यात ओल्या पोत्याखाली ठेवलेल्या बाटल्या एकेक करून गढूळ होत होत्या. उरल्या त्या काल आत गेल्या म्हणून कामाच्या राहिल्या. आजवर थांबलो असतो तर काही खरं नव्हतं."

बाईचा नवरा काय समजला कोण जाणे, तो माझ्यापुढे येऊन हात जोडून उभा राहिला. सगुणाबाईनं त्याला सांगितलं होतं, बर्फवाल्याचे उपकार मान.

"तो मी नाई," मी म्हटलं. "तो माझा भाऊ."

हे बोलणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

परत येताना वाटभर मी भांडणाची तयारी केली. काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं. घरात शिरलो तर लतीफ तसाच खाटेवर. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल. त्याला कूस बदलायलाही अम्मीचा हात लागत होता.

मी अम्मीला बाजूला घेतलं. "हा बाहेर गेलता का?"

"कुठी जाईन? येडा झाला का तू?"

मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते विचारलं. अम्मी म्हणाली, "त्याच दिवशी तं ताप लय चढला. सकाळपासून माझा हात त्याच्या कपाळावरून हालला नाई. ओल्या पट्ट्या ठेवून राह्यलो होतो मी आन् शेजारची. दुपारपर्यंत डोळेच उघडले नाई त्यानं. आन् उघडले तं नुसतं पानी, पानी. गडवाभर पेला एका दमात."

"रजई?"

"आंगावरच होती."

ती अजूनही त्याच्या अंगावरच होती. मी तिचा काठ उचलून वास घेतला. घासलेटचा येत होता. पण कंदील दुरुस्त करणाऱ्याच्या घरात घासलेटचा वास कशाला येत नाही?

मी कोणालाच काही सांगितलं नाही. काम झालं, एवढंच बोललो.

लतीफ हळूहळू बरा झाला. पहिल्यांदा अंगणात बाजेवर येऊन बसला तेव्हा मी शेजारी बत्तीची जाळी बांधत होतो. तो म्हणाला, "भाईजान, एक गोष्ट सांगू? रागावजो नको."

"बोल."

"तापात म्या तुले पायलं. आलापल्लीले. तू कपाट उलटं केलं, वात कापली. कोपरे कसे गोल कापले तू! म्या दारात उभा होतो, मले आत येताच येत नव्हतं. हात उचलत नव्हते. ते सारे तुझ्याकडंच पाहून राह्यले होते, माझ्याकडं कोणी पाहेच नाई." तो ओशाळून हसला. "लय जळलो मी तुझ्यावर. वाटलं, माझं काम यानं काऊन केलं?"

माझे हात थांबले. त्या क्षणापर्यंत मला कधी वाटलंच नव्हतं की लतीफ माझ्यावर जळू शकतो.

"कपाट आता आतल्या खोलीत ठेवलं ना त्यायनं?" तो सहज म्हणाला. "कोपऱ्यात. तिथी चांगलं हाय, वाऱ्याचा झोत लागत नाई ज्योतीले."

आदल्या वर्षी त्यानं ते ओसरीत बसवलं होतं. आतल्या खोलीत हलवल्याचं मी घरात कोणापाशी बोललो नव्हतो.

मग मी त्याला सगळं सांगितलं. सगुणाबाई, रजई, अनवाणी पाय, तव्यासारखा हात, नाग चावलेली बाई. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मस्करी नको करू भाईजान," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन पडला. पुढे लतीफ जिवंत असेपर्यंत आम्ही दोघं या विषयावर दोनदा-तीनदाच बोललो असू. दर वेळी तो तेच सांगायचा, काम तू केलं. दर वेळी मी म्हणायचो, नाही, तू. लोक भांडतात ते श्रेय घेण्यासाठी. आम्ही ते एकमेकांच्या पदरात टाकत बसायचो, कारण ते जवळ ठेवायची दोघांनाही भीती वाटायची.

डॉक्टर, शिकलेले लोक, मौलवीसाहेब... अनेकांना विचारून पाहिलं. कोणी म्हणालं तापातला भ्रम. पण भ्रम लतीफला झाला असेल, सगुणाबाईला कसा होईल? कोणी म्हणालं दुसराच कोणी मिस्तरी असेल. असेल. पण वातीचे कोपरे गोल कापणारा त्या जंगलात दुसरा मिस्तरी मला तरी कधी भेटला नाही.

सगुणाबाई सांगत होती, कपाट लतीफनं दुरुस्त केलं. लतीफ सांगत होता, मी केलं. आणि मी तर त्या वेळी आष्टीच्या घाटावर, नाव कधी येते म्हणून पाण्याकडे पाहत बसलो होतो.