धनराजभाऊंचा उजवा हात

धनराजभाऊंच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ‘आत्या, पप्पा…’ एवढंच ती बोलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हाताला काय झालं?’ धनराजभाऊ हृदयविकाराने गेले होते. हाताचा काही संबंधच नव्हता. पण आमच्या ऑर्केस्ट्रातल्या या ढोलकवाल्याच्या उजव्या हाताची धास्ती मी इतकी वर्षं बाळगली होती, की त्यांच्या जाण्याच्या बातमीतही आधी तीच वर आली.

आम्ही दोघं पांडेसऱ्याच्या गिरणी-वस्तीत वाढलो, धुळ्याकडून आलेल्या घरांतले. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधली नोकरी सोडून त्यांनी ढोलक धरला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता. लग्नं, हळदी, गरबा… मी गायचे, ते वाजवायचे. त्यांचा ठेका सुरू झाला की मला शब्द आठवावे लागत नसत. मग एका दुपारी तालमीत त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळली, ती सरळच होईनात. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मना हात आयकत नही, ताई. कोणले सांगू नको.’ तालमीत ते घरची अहिराणी कधी बोलत नसत.

नस दबली आहे, सहा महिने वाजवायचं नाही, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सहा महिन्यांत आपली जागा भरेल या भीतीने त्यांनी गोळ्या खाऊन, बाहीखाली मनगटाला पट्टी बांधून दोन वर्षं रेटली. मीही साथ दिली. ऑर्केस्ट्राचे मालक भरतभाईंना माझा घसा बसल्याचं सांगून मी जलद गाणी टाळू लागले. स्टेजवर मी लोकांकडे पाहतच नसे, त्यांच्या बोटांकडे पाहत असे. आता थांबतील, आता… मी तेव्हाच बोलले असते तर हात वाचला असता का, हा प्रश्न आजही मला सोडत नाही.

उधन्यात एका हळदीत तो हात थांबलाच. मी घाबरून गातच राहिले. ऑक्टोपॅडवाल्याने ठेका उचलला आणि नाचणारे नाचत राहिले. नंतर त्यांनी विचारलं, ‘कोणाच्या लक्षात आलं का?’ धीर द्यायला मी म्हटलं, ‘कोणाच्याच नाही, भाऊ.’ त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं, मी काय बोलून बसले ते. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच भरतभाईंकडे जाऊन काम सोडून आले.

पुन्हा तीच मिल, आता कापड तपासायला. रस्त्यावरून वरात निघाली की ते खिडकी लावून घ्यायचे. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत. मी रागावले तर म्हणाले, ‘दुखण्याची भीती नाही गं. वाजवावंसं वाटेल, त्याची वाटते.’ कोसाडला राहायला गेल्यावर मनीषाने आपण होऊन माळ्यावरचा ढोलक काढला. ती चुकीचं वाजवतेय हे त्यांना आतल्या खोलीत सहन झालं नाही. बाहेर येऊन त्यांनी तोंडाने बोल म्हणून दाखवले. तिथून आधी तिचा आणि मग आसपासच्या मुलांचा क्लास सुरू झाला. स्वतः एक थापही न मारता त्यांनी सात वर्षं शिकवलं.

परवा रविवारी मी गेले, तर मनीषा क्लास घेत होती. सुरू करण्याआधी ती एकेकाचं मनगट हातात घेते, अंगठ्याने दाबते आणि विचारते, ‘दुखस का?’ ही धनराजभाऊंनी पहिल्या दिवसापासून लावलेली रीत. एका मुलीने फार घाईने ‘नाही’ म्हटलं आणि हात मागे ओढला. मनीषाने तो सोडला नाही.

‘खरं सांग. दुखतंय म्हटलंस तरी तुझी जागा कोणाला देणार नाही.’

मुलीने हात सैल सोडला. मग हळूच म्हणाली, ‘थोडं.’