बांधेल त्याचाच हात

फ्रेमच्या दुकानात एक गोष्ट न सांगता वाढत जाते, ती म्हणजे पट्ट्यांचे उरलेले तुकडे. फेकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से असेच साठत गेलेत. कुणी चहाला टेकलं की मी एखादा काढून दाखवतो. आज डॉक्टरांचे काढतो. हसू आलं तर हसा, पण मधे बोलू नका, माझं डोकं फिरतं.

मंडळी म्हणजे काय, तीन टाळकी. गंगापूर रोडला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत आम्ही विमानं बांधतो. रिमोट नाही, बॅटरी नाही. बाल्सा लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाच्या कागदाहून पातळ टिश्यू आणि पोटात रबर. पुढचा पंखा फिरवून रबराला पीळ द्यायचा, हातातून सोडायचं, पुढे त्याचं नशीब. मी, गणिताचे रिटायर्ड मास्तर निकम सर, आणि डॉक्टर आहेर. डॉक्टर दातांचे.

*

डॉक्टर पहिल्यांदा दुकानात आले ते क्लिनिकची पाटी घेऊन. नाव, डिग्री, भेटायची वेळ, सगळं असलेली. म्हणाले, हिला फ्रेम करा. मी म्हटलं, अहो, पाटीला कुणी फ्रेम करतं का, ती बाहेर लावायची वस्तू. तर म्हणाले, आता घरातच लावायचीय.

बोलता बोलता त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला, आणि काउंटरची काच बारीक वाजायला लागली. ती त्यांनी ऐकली, मीही ऐकली. त्यांनी हात उचलून खिशात घातला. क्लिनिक का बंद केलं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

मग त्यांची नजर वर गेली. छताला माझं एक जुनं विमान टांगलेलं असतं. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, हे उडतं का हो? मी वैतागलोय त्या प्रश्नाला. डॉक्टर बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी नाजूक काडी कापताना धरता कुठे?"

मी शटर ओढलं आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं.

*

नवीन माणसाला आम्ही आधी साधं ग्लायडर देतो. चार काड्या, एक पंख, झालं. डॉक्टर दुसऱ्या रविवारी पहिल्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाचा फोटो घेऊन हजर. दुमजली पंख, मधे खांब, खांबांना तारा, वैमानिक उघड्यावर बसलेला. तयार किट नको म्हणाले. फोटोवरून स्वतः नकाशा काढणार आणि एकेक काडी स्वतः कापणार. मी तोंडाचा तिखट. स्पष्ट सांगितलं की भलभल्यांनी हे अर्ध्यात टाकलंय, उगाच हौसेपायी वर्ष घालवू नका.

ते शांतपणे म्हणाले, खरं विमानही काड्यांचं आणि कापडाचंच होतं. म्हणजे आपण खोटं काही करत नाही, फक्त लहान करतोय. आणि मग पुढचं बोलले. हाताची थरथर अशीच वाढत जाणार, असं त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढच्या हिवाळ्यात पातं धरवेल की नाही, सांगता येत नाही. "हे एक माझ्या हातून उडू दे. मग हत्यारं खाली ठेवतो."

त्यानंतर मी ग्लायडरचं नाव काढलं नाही.

पुढे सांगाडा उभा राहिल्यावर देवळ्याहून त्यांचे थोरले भाऊ कांद्याची गोणी घेऊन आले होते. त्यांनी चष्मा लावून चारही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "हाई इमान शे का खेळणं शे?" डॉक्टर म्हणाले, उडालं तर विमान. भाऊ मान हलवून गोणी सोडायला लागले.

*

आता नियम सांगतो, कारण सगळं त्यावर अडलं. आमच्यात एकच नियम आहे आणि तो निकम सरांचा. बांधेल त्याचाच हात. ज्यानं विमान बांधलं, त्यानंच ते सोडायचं.

याला कारण सरांचे जावई. सरांनी सहा महिने खपून बांधलेलं पहिलं विमान जावयांनी कौतुकानं मागितलं. जावई पडले, नाही कसं म्हणणार? त्यांनी क्रिकेटचा थ्रो मारावा तसं फेकलं. ते गेलं थेट शेजारच्या हळदीच्या मांडवात, आणि नवरीच्या मावशीनं त्याच्यावर बसून घेतलं. जावई म्हणाले, सॉरी, दुसरं आणून देतो. त्या दिवाळसणाला जावयाला नुसतं श्रीफळ मिळालं.

*

डॉक्टरांची काम करायची एक तऱ्हा होती. पातं हातात घेतलं की आधी करंगळीच्या शेजारचं बोट टेबलावर टेकवायचे. टेकलं की हात गप्प. मग पंखाची फासळी अशी कापायचे की मला माझ्या फासळ्यांची लाज वाटायची. बोट उचललं की पुन्हा थरथर सुरू.

मी एकदा विचारलं. तर म्हणाले, पहिल्या वर्षी हेच शिकवतात. पेशंटच्या तोंडात हत्यार घातलं की एक बोट शेजारच्या दातावर टेकवायचं. हात अधांतरी ठेवून कुणी दात कोरत नाही. "बोट टेकायला जागा मिळाली, की माझं अजून चालतं."

सवयीनं काडीलाही आ करा म्हणायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे.

*

या जुन्या विमानांची नाकं आखूड असतात. शेपूट जड होते, म्हणून नाकात वजन भरावं लागतं. आम्ही शिसं भरतो. डॉक्टर एक डबी घेऊन आले. आत दातांवरच्या जुन्या धातूच्या कॅप, बदलताना काढलेल्या. एकेक उचलून बघत होते आणि सांगत होते, ही अमक्यांची दाढ, ही तमक्या बाईंची. बाई गेल्या, कॅप राहिली. मग ती नाकात बसवली.

निकम सरांनी डबीत वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, यातली खालची डावी माझी तर नाही ना? डॉक्टरांनी ती दिव्याजवळ धरली. म्हणाले, तुमचीच. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, असू दे, तेवढाच मीही उडेन.

*

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. डॉक्टरांच्या घरी दरवर्षी क्लिनिकच्या खुर्चीची व्हायची. या वर्षी खुर्ची नव्हती. सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डॉक्टरांनी घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं विमान पाटावर घेतलं आणि मनोभावे पूजा केली. पंखावर हळद लावली आणि फुलानं पाणी शिंपडलं.

टिश्यू नुकताच चढवला होता. त्याला एकदाच बारीक फवारा मारायचा असतो. वाळताना तो ढोलकीसारखा ताणला जातो. मग वरून पातळ वार्निश लावायचं, की पाण्याची भीती संपते. ते लावायचं राहिलं होतं. फुलाचं पाणी पडलं फक्त डाव्या पंखावर. संध्याकाळपर्यंत पंख पिळवटला आणि वर पिवळा डाग.

रविवारी वहिनी स्वतः दुकानात आल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, त्या गोल चक्राच्या मधे यांनी लाल ठिपका काढलाय, मला वाटलं कुंकू यांनीच लावलं, म्हणून मी हळद तेवढी लावली. इंग्रजी विमानाची ती खूण असते, हे त्यांना कोण सांगणार?

पंख किटलीच्या वाफेवर धरून आम्ही बराच सरळ केला. थोडा पीळ राहिलाच. सर म्हणाले, कागद बदला. डॉक्टर नाही म्हणाले. हळदीचं विमान आहे, हळद राहू दे.

*

त्याच सुमाराला देवळ्याच्या भावानं डॉक्टरांच्या हातासाठी त्र्यंबकेश्वरला ग्रहांची शांत करायचं ठरवलं. डॉक्टरांचा विश्वास नव्हता, पण थोरल्या भावाचा शब्द मोडायचा नाही, हेही होतंच. गाडी मी चालवली.

पूजेत पळीनं पाणी सोडायची वेळ आली. डॉक्टरांच्या हातातलं पाणी ताम्हनापर्यंत पोचेना, सगळं सोवळ्यावर. गुरुजी तरुण होते, म्हणाले, यजमान, सावकाश. डॉक्टरांचे कान लाल झाले. मला त्या गुरुजींचा असा संताप आला होता की मी उठून बाहेर गेलो. जाताना मागून गुरुजी वहिनींना सांगत होते, ताई, तुम्ही यांच्या हाताला हात लावा. तो रिवाजच आहे, बायकोनं हात लावला की केलेलं दोघांचं होतं.

परतताना सातपूर आल्यावर डॉक्टर म्हणाले, पुण्य अर्धं हिला आणि पाणी सगळं मला. वहिनी खिडकीबाहेर बघत हसल्या. मीही हसलो, पण मला बरं वाटत नव्हतं.

*

विमान तयार झालं. इतकं देखणं विमान माझ्या हातून कधी झालेलं नाही, हे मी तोंडावर सांगितलं. पण विमान हातातून सोडायचं, म्हणजे हात हवेत. बोट टेकायला तिथे काय असणार?

धरणाच्या रस्त्याला एक मोकळा माळ आहे, आम्ही तिथे जातो. पहिल्या रविवारी सोडतानाच हात हलला, नाक खाली गेलं, चाकं मोडली. दुसऱ्या रविवारी खालचा पंख. दर वेळी ते गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करायचे, डबीत भरायचे आणि आठवड्यात पुन्हा जोडून आणायचे. जमिनीवरून पळवून बघू म्हणून मी दुकानातला मोठा हार्डबोर्ड धावपट्टी म्हणून नेला. पण तिथेही पंखा एका हातात आणि शेपूट दुसऱ्या हातात धरून एकदम सोडावं लागतं. विमान पळालं ते आडवं.

त्या दिवशी सरांनीच विषय काढला. नियम मी केलाय, मीच मोडतो, यांना सोडू द्या, म्हणून माझ्याकडे बोट केलं. मी हो म्हणणार होतो. डॉक्टर चिडले नाहीत, नुसते म्हणाले, "दुसऱ्याच्या हातून उडालं, तर ते उडालं इतकंच. माझं राहिलंच."

जोडताना आता त्यांना टेबलावरही वेळ लागायला लागला होता. बोट टेकलं तरी.

*

पुढच्या रविवारी वहिनीही आल्या. माळावरून पुढे दोघांना एका साखरपुड्याला जायचं होतं. जरीची साडी नेसून त्या गाडीत बसून होत्या, त्यांना यातलं काही बघायचं नव्हतं.

वारा पडलेला. मी विमान धरलं, डॉक्टरांनी पंखा फिरवून रबराला पीळ दिला, मग विमान हातात घेऊन उभे राहिले. डावा हात पंख्यावर, उजवा पोटाखाली. हात हलत होता आणि टिश्यू फडफडल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. सर घड्याळात बघायला लागले. मी धरणाकडे. किती वेळ गेला, सोडवतही नव्हतं आणि खाली ठेववतही नव्हतं. मला रडू येत होतं, उगाच कशाला खोटं सांगू?

गाडीचं दार वाजलं. वहिनी उतरल्या. चार पावलांवर त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि गवतातून अनवाणी येऊन डॉक्टरांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. पदर नीट केला आणि दोन बोटं त्यांच्या कोपराला लावली.

मी सरांकडे बघितलं. आज नियम काढला असता तर मी त्यांना तिथेच ऐकवणार होतो. सर म्हणाले, "हाताला हात लावलेला चालतो."

विमान गेलं. सरळ गेलं, मग वर चढलं, आणि त्या पिळवटलेल्या डाव्या पंखामुळे वळायला लागलं. आमच्या चौघांभोवती मोठी फेरी घेतली. पिवळा डाग उन्हात दिसत होता. मग दुसरी फेरी, जरा खालून. रबर संपलं, पंखा थांबला, आणि ते तरंगत येऊन गवतात चाकांवर बसलं. सर घड्याळ चालू करायला विसरले होते.

डॉक्टरांचा हात अजून तसाच पुढे होता. विमानाकडे बघत ते म्हणाले, "सुमन, सोड आता. उडालं."

वहिनी म्हणाल्या, "मी धरलाय कुठे? नुसता लावलाय."