‘रजा नको’वर केलेली सही

तीन वर्षांत थोरलीने एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. रोज संध्याकाळी सहाला एजन्सीचा मेसेज यायचा, ‘उद्या?’ एवढाच. दहा मिनिटांत ‘हो’ कळवायचं. अंगात ताप असो नाहीतर दारात पाहुणे, थोरली हातातलं टाकून आधी ‘हो’ लिहायची. चादरी धुण्याच्या त्या कारखान्यात एजन्सीकडून येणाऱ्या सगळ्याच बायकांची ही रीत. ‘नाही’ म्हणणारीचं नाव यादीत तळाला जातं, असं त्यांचं पक्कं मत. पुरावा काय, तर एक बाई सासू वारली म्हणून चार दिवस घरी राहिली आणि परत दिसलीच नाही. आता ती बाई बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी गेली होती, हे निम्म्या जणींना माहीत होतं. पण भीतीला कुठं पुरावा लागतो!

मग अडलं-नडलं तर? तर बदली उभी करायची. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, गळ्यापासून पोटरीपर्यंत एप्रन. उघडे काय ते डोळे. जाऊ, नणंद, बहीण, जी मोकळी असेल तिच्या हातात आपलं हजेरीचं कार्ड द्यायचं आणि आपल्या जागी पाठवायचं. नियम दोनच, तोंड उघडायचं नाही आणि मास्क काढायचा नाही. सुपरवायझरला डोकी मोजता यायची, माणसं ओळखता यायची नाहीत. “मी मेले तरी माझी आठवडाभर हजेरी लागेल,” असं एकजण म्हणायची आणि बाकीच्या खिदळायच्या. थोरलीला मात्र या प्रकाराची धास्ती वाटायची.

पण लेकीच्या कानाने तिला त्या वाटेला लावलं. पोर नऊ वर्षांची. कान सहा महिने वाहत होता. डॉक्टरांनी सांगितलं, कानामागचं हाड कुजतंय, आणखी आत गेलं तर गाठ मेंदूशी आहे. ऑपरेशन याच महिन्याच्या वीस तारखेला, त्याआधी एका मंगळवारी दिवसभर तपासण्या. “ऑपरेशननंतर दहा दिवस आई जवळ हवी,” डॉक्टर म्हणाले. “ही दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देत नाही.” खरंच देत नव्हती, मावशीलासुद्धा नाही. बाप लांबच्या ट्रकवर, वीस-वीस दिवस घराचं तोंड बघायचा नाही. दहा दिवसांचं काय करायचं, ते थोरलीने नंतरवर टाकलं. निदान मंगळवार तरी निभावू, म्हणून तिने धाकट्या बहिणीला विचारलं.

सोमवारी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून शिकवणी झाली. “इस्त्रीचा रोलर तापलेला असतो. दोघींनी दोन टोकं धरायची, कड लावली की हात मागे. अडकली तर ओढायची नाही, लाल दांडा खाली करायचा.”

“अगं हो! मी काय कुक्कुलं बाळ आहे?” धाकटी म्हणाली.

मंगळवारी हॉस्पिटलच्या बाकावर थोरलीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेक आत मशीनमध्ये, बहीण तिकडे रोलरवर, आणि ही मधल्या मध्ये. धाकटीचा हात सापडला तर? कुणाच्या नावाने तिला दवाखान्यात नेतील? माझ्या! आणि मी इथं धडधाकट बसलेली. समोरून स्ट्रेचर गेलं की ती उठून उभी राहायची. लेक बाहेर आली तेव्हा थोरलीने तिचा हात असा आवळला, की पोर म्हणाली, “आई, दुखतंय.”

पाच वाजता धाकटी दारात उभी राहिली. हसत होती. थोरलीने आधी तिची दहाही बोटं बघितली आणि मगच श्वास सोडला.

“बोटं काय बघतेस? आज मी तुला कसलं वाचवलंय ते विचार!” धाकटीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. “एजन्सीच्या ऑफिसातल्या बाई आल्या होत्या. रजा हवी का, रजा हवी का, म्हणून एकेकीला विचारत होत्या. मी कशाला तोंड उघडतेय! मान हलवली. मग त्यांनी ‘रजा नको’ असं छापलेला कागद पुढे केला. ठोकली तुझी सही.”

“कसली रजा?”

“भरपगारी म्हणे. तुझे बारा दिवस आहेत. या महिनाअखेरपर्यंत घेतले नाहीत तर गेले. ‘बघा हं, हक्काची आहे,’ असं दोनदा म्हणाल्या. मी काय कच्ची आहे? ‘हो’ कोण म्हणतंय ते बघायचं आणि तिला यादीतून उडवायचं, डाव कळतो मला!”

“वीस तारखेपासून दहा दिवस, म्हणजे याच महिन्यात बसत होते,” थोरली म्हणाली. तिला ओरडायचं होतं. ती स्वतः तिथं असती तरी असंच घाबरून मान हलवली असती, हे तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला.

धाकटीला चूक समजली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. “मग मी उभी राहते ना तुझ्या जागी दहा दिवस,” ती म्हणाली आणि डोळे पुसायला हात वर नेला. बाही सरकली. मनगटावर बोटभर रुंदीचा लाल पट्टा उठला होता.

“वाफ लागली जराशी.”

“एकाच दिवसात?”

धाकटीने बाही खाली ओढली.

पुढचे दोन दिवस थोरली भुतासारखी वावरली. चादरीची टोकं धरायची आणि मनात दिवस मोजायची. शुक्रवारी कामाची पाळी संपल्यावर ती ऑफिसात गेली. ऑफिसातल्या बाई चष्मा कपाळावर ठेवून कागद चाळत होत्या.

“बाई, मला दहा दिवस रजा हवी. लेकीचं ऑपरेशन आहे.”

बाईंनी फाइल काढली. “मंगळवारी तर नको म्हणालात. दोनदा विचारलं मी.”

“चुकून झालं.”

“चुकून कसं? याद्या वर गेल्या. आता सही तुमची असेल तर मी काहीही करू शकत नाही.”

थोरलीने फाइलीतल्या त्या सहीकडे बघितलं. खरं सांगितलं तर काम जाणार. शिवाय आजवर बदली उभी करणाऱ्या सगळ्याजणी उघड्या पडणार, त्या हिचं तोंड बघणार नाहीत. नाही सांगितलं तर पोरीच्या उशाशी कोण बसणार?

“सही माझी नाही,” ती म्हणाली.

“मग मंगळवारी रोलरवर कोण होतं?”

“माझी बहीण.”

बाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. “हात गेला असता तिचा तर? मी कुणाचं नाव लिहिलं असतं?”

“माझं,” थोरली म्हणाली आणि रडायलाच लागली.

“अहो, रजा पहिल्या दिवसापासून साठते. एजन्सीची असलात म्हणून काय झालं? कामावर घेताना दिलेल्या कागदात लिहिलंय सगळं.”

“तो वाचू कुठं दिला कुणी? सही करा, पुढे सरका!” रडता रडता थोरलीचा आवाज चढला.

बाईंनी दहा दिवसांचा अर्ज भरला, शिक्का मारला. मग दुसरा कोरा कागद ओढला. “रजा तुमचीच, ती मला अडवता येत नाही. पण हे मला झाकताही येणार नाही. रजा संपली की चौकशीला यायचं, दोघींनी.”

“काढतील मला?”

“माहीत नाही. बहिणीचं पूर्ण नाव सांगा.”

थोरलीने नाव सांगितलं, पत्ताही सांगितला. बाईंनी तो लिहून चौकशीच्या नोटिशीची एक प्रत तिच्या हातात दिली.

घरी धाकटी दारातच उभी होती. “मिळाली?”

“मिळाली. दहा दिवस.”

“हुश्श!” धाकटीने भाचीला उचलून गरकन फिरवलं. “बघ गं, आई दहा दिवस घरी! मला वाटलं माझ्या एका सहीने सगळ्याचं वाटोळं केलं.” पोर खिदळत होती. धाकटी थोरलीच्या गळ्यात पडली, मनगटावरची पट्टी तिच्या मानेला लागली. “आता मला शिव्या नाही ना घालणार?”

“नाही गं,” थोरली म्हणाली, आणि बहिणीच्या नावाची नोटीस असलेली पर्स तिने कपाटात ठेवून किल्ली फिरवली.