लुनाफूल

गेल्या थंडीत आमच्या गल्लीत एकच कूलर चालत होता, आणि तो आमचा. लोक मफलर गुंडाळून शेकोटीपाशी हात शेकत बसलेले असायचे आणि आमचे किसनराव मागच्या खिडकीतल्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत असायचे. कूलर उलटा बसवलेला, वारा बाहेर जायचा. बाहेर कोण, तर माझी लुना, पॅडलवाली जुनी गाडी. आणि लुनासाठी तरी कुठे, लुनाच्या कॅरिअरवर उगवलेल्या एका डागासाठी! आता सांगतेच सगळं. हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा, पाठीमागं हसणारे अमरावतीच्या राजापेठेत आधीच पुष्कळ झालेत.

किसनराव म्हणजे माझा नवरा. मूळचे मूर्तिजापूरचे, घरी झेंडू-शेवंतीची शेती. पण यांना फुलांत कधी रस नव्हता, रस गाड्यांत. एसटीत कंट्रोलर झाले आणि सारी नोकरी माईकसमोर काढली. अकोला लागली, परतवाडा सुटली, दर्यापूरवाल्यांनी घाई करावी. आवाज असा, की पेंगणारा माणूस झोपेतच पिशवी उचलायचा. पण एक दुखणं होतं. कंट्रोलरनं गाडी सोडायची. ती पोचली की नाही, हे पुढच्या स्टँडचं काम. ते यांना कोणी सांगायचं नाही, आणि यांच्या जिवाला तोच घोर. जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "परतवाडा गेली असन नं पोचून?"

मी म्हणायची, "पोचली नसती तर बोंब झाली असती. वरण घ्या."

रिटायर झाले आणि घराचा स्टँड झाला. "चहा लागलेला आहे." "मोलकरीण उशिरानं धावत आहे." माझं डोकं उठलं. कोणीतरी सांगितलं म्हणून यांना निसर्गवाल्यांच्या सहलीला चिखलदऱ्याला धाडलं. म्हटलं, दिवसभर तरी शांतता. तिथं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या आरती मॅडम होत्या. त्यांनी एका झाडाच्या सालीवर करडी झालर दाखवली आणि म्हणाल्या, हे दगडफूल. किसनराव घरी आले ते भूत बघितल्यासारखे. माझा मसाल्याचा डबा उघडला, दगडफूल तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "शकुन, हे जितं असते वं! जलमभर रश्शात खाल्लं, कोणी सांगतलंच नाई."

मॅडमनं त्यांना समजावलं होतं की यात दोघांचा संसार असतो, एक बुरशी आणि एक शेवाळ. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, बुरशी घर धरून बसते आणि आयतं खाते. यात आमच्या घरी बुरशी कोण, हे मी सांगत बसत नाही.

झालं. भिंग आलं. गळ्यात दोरी लावून भिंग, डोक्यावर एसटीची जुनी टोपी, आणि हे राजापेठभर भिंती, झाडं, विजेचे खांब हुंगत फिरायला लागले. दुर्मिळ काही सापडलं की फोटो काढायचा, जागा टिपायची आणि मॅडमना पाठवायचं. पहिला शोध एका ट्यूशन क्लासच्या भिंतीवर लागला. लालसर, मध्ये दाट, कडेला विरळ. यांनी बसून, वाकून, आडवं पडून फोटो काढले. क्लासची पोट्टी खिडकीत गोळा झाली. मॅडमचं उत्तर आलं, "काका, ही कोणीतरी खर्रा खाऊन थुंकलेली पिचकारी आहे." मग एक डिस्टेंपर निघालं. एक च्युइंगम निघालं. एक कबुतराचं निघालं, आणि त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण यांनी ते आधी जिभेला लावून पाहिलं होतं.

गल्लीत थट्टा सुरू झाली. समोरच्या बेबीताई तर फाटकातूनच ओरडायच्या, "किसनभाऊ, माह्या नावाच्या पाटीवर काईतरी उगवलं, पाहून जा बरं!" हे खरंच भिंग घेऊन जायचे. तिला वाटायचं गंमत. मला मात्र वाईट वाटायचं. मी भांडीन, बोलीन, तो माझा हक्क आहे, बाकीच्यांनी कशाला? रात्री हे म्हणायचे, "एक खरं निंगालं पायजे शकुन. एकच. मंग मी भिंग ठेवून देतो."

आता माझं ऐका. लुना माझी आहे. माझ्या वडिलांनी तेल्हाऱ्यात कापूस विकून घेऊन दिलेली, नंबरप्लेट अकोल्याची. तिच्यावर मी माझा शिवणक्लास चालवला. पुढं कापडाचं गाठोडं, मागं कॅरिअरवर मशीन, आणि मी मधे. गाडगेनगर काय, बडनेरा काय, मी कोणाला "सोडून देता का हो" म्हटलं नाही. मग एका दिवशी आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर वाळूवरून घसरले. गुडघ्याची वाटी फुटली. हे फाटकात उभे होते, यांच्या डोळ्यांसमोर झालं. ऑपरेशन झालं, लुना मागच्या खिडकीखाली गेली आणि मी ऑटोत. ऑटोवाले पण कसे, "मावशी, हळू, हळू" करत चढवतात, जशी काही मी काचेची बरणी.

मी कोणाला न सांगता व्यायाम सुरू केला. पायाला वाळूची पिशवी बांधून वर, खाली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता काहीही चालवा. त्या दिवशी मी सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितलं, "मी लुना काढणार."

आणि दुसऱ्याच दिवशी किसनरावांना कॅरिअरवर डाग दिसला.

"हालवू नको!" मागून अशी किंकाळी आली की मला वाटलं साप निघाला. हे लुनाच्या मागे गुडघ्यावर बसलेले. कॅरिअरच्या पट्टीवर हिरवट-राखाडी, बशीएवढं, कडेला फुलासारखी झालर असलेलं काहीतरी. मी म्हटलं, "अजी, गंज आहे." हे म्हणाले, "गंजाले झालर नसते." फोटो गेला. मॅडमचं उत्तर आलंच नाही. हे भिंतीला टेकून बसले, म्हणाले, "पुन्हा कबुतर असन." संध्याकाळी मॅडम स्वतः आल्या. भिंगातून पाहिलं, थोडंसं खरवडून पुडीत घेतलं, आणि काही दिवसांनी कळवलं की काका, हे खरं आहे. सातपुड्यात वर, ओल्या सावलीच्या कड्यांवर असतं. खाली वऱ्हाडात याची नोंदच नाही. मग उमगलं की लुना तिथं उभी राहिल्यापासून दर उन्हाळ्यात कूलरचं पाणी त्या कॅरिअरवर ठिबकत होतं. आमच्या कूलरनं राजापेठेत बशीएवढा चिखलदरा तयार केला होता.

किसनराव रडले. मी पण रडले, खोटं कशाला बोलू. बेबीताईच्या दारात उभं राहून मी मोठ्यानं म्हटलं, "निघालं बरं का खरं!"

पण मॅडमनं शेपूट जोडलं. म्हणाल्या, हे इथं खरंच तगतं का ते पाहायला हवं, पुढची दिवाळी होईपर्यंत जागचं हलवू नका. झालं की नाही! माझा गुडघा आत्ता तयार, आणि लुना म्हणे वर्षभर जागची हलायची नाही. वर्षानं गुडघा काय म्हणेल, कोणी सांगावं? मी चिडले, ओरडले, दोन दिवस यांना चहा दिला नाही. हे हात जोडून म्हणाले, "एकच खरं निंगालं वं." मी परत ऑटोत.

मग आमच्या घरी जे सुरू झालं त्याला वेडेपणाच म्हणतात. थंडीत कूलर. उन्हात लुनावर माझी जुनी नऊवारी. मी मिस्त्री आणला तर यांनी त्याला लुना आहे तिथंच, पालथं पडून दुरुस्त करायला लावली, बिचाऱ्यानं इंजीन सुरू करून दाखवलं तर हे ओरडले, "धूर! धूर!" आणि कॅरिअरला पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. अकोल्याच्या निसर्गमंडळाचा जीवन नावाचा माणूस आला. त्यानं डाग नीट पाहिलाही नाही, नंबरप्लेट पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, गाडी एमएच तीस. म्हणजे हे दगडफूल अकोल्याचं झालं." आरती मॅडम म्हणाल्या, उगवलं अमरावतीत. तो म्हणाला, "पासिंग कुठलं आहे ते पाहा नं!" दोन शिकलेली माणसं माझ्या मोरीपाशी एका डागाच्या पासिंगवरून अर्धा दिवस भांडली. मी चहा दिला. दगडावरचं ते दगडफूल, मग लुनावरचं हे लुनाफूल, असं मीच म्हटलं, आणि गल्लीत तेच नाव पडलं.

एवढं सगळं झालं, पण एक साधी गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही. मला तर सुचलीही नाही.

दसऱ्याला मी गाडी-अवजारांची पूजा करते. मशीन, कात्री, लुना, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. वर्षभर लुनाला हात लावू दिला नव्हता, पण दसऱ्याला कोण अडवणार? म्हटलं, डागाला लागू देत नाही, चाकाला लावते. खाली बसले. हो, उकिडवी बसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा! त्या आनंदात दोन घडी तशीच राहिले, म्हणून दिसलं. सगळी लुना गंजलेली, पण कॅरिअर जिथं बसवलंय तिथले दोन नट चकचकीत. बोट लावलं तर तेल. ताजं.

दोन नट. पान्यानं फिरवले की कॅरिअर डागासकट हातात येतं, दोन विटांवर त्याच जागी, त्याच कूलरखाली ठेवता येतं, आणि लुना मोकळी. वर्षभर आम्ही काय करत होतो? आणि तेल कोण टाकत होतं?

"अजी!" मी हाक मारली. हे आले. माझं बोट पाहिलं आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"तुमाले मालूम होतं?"

"मीच तर बसवलं होतं थे कॅरिअर," हे म्हणाले.

"मंग वरीसभर मले ऑटोत काहून फिरवलं?" माझा आवाज चढला. "डागाचं नाव सांगून मले बसवून ठेवलं तुमी! मी पायाले पिशव्या बांधून रडून राहिली होती, अन् तुमी इथी तेल टाकून राहिले होते?"

हे लुनाजवळ खालीच बसले. "दर महिन्याले पाना घेऊन येतो," म्हणाले. "तेल टाकतो. म्हणतो, आज खोलतो, तिले सांगतो. अर्धा पेच फिरला का मले तू दिसते. कोपऱ्यावर पडलेली, अन् चाक तसंच फिरून राहिलं. मंग पुन्हा कसतो." मग डोळे पुसत म्हणाले, "गाडी सोडनं सोपं असते शकुन. पोचली का नाई, थे मले आजपर्यंत कोणी सांगतलं नाई."

राग आला होता, आणि तो आहेच, अजून आहे. पण मी यांच्याजवळ खाली बसले. मी म्हटलं, "म्हंजे डाग खोटा?"

"डाग खरा हाये," हे म्हणाले. "भेव बी खरं हाये."

"पाना आणा," मी म्हटलं.

दोन नट उघडायला चहा गाळण्याएवढाही वेळ लागला नाही. कॅरिअर विटांवर ठेवलं, कूलर त्याच्यावर ठिबकत राहिला. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, हे आम्हाला का नाही सुचलं?" जीवनला कळलं तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता, की कॅरिअर कोणत्या गावच्या दुकानातून घेतलं होतं.

मी झेंडूची माळ हँडलला बांधली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि पॅडल मारले. गुडघा कुरकुरला, लुना खोकली, आणि सुरू झाली. हे फाटकात उभे होते. ज्या माणसानं हजारो गाड्या सोडल्या, त्याला माझी सोडताना हात वर करता येईना. मी वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलेच नसते.

कोपऱ्यावर आजही वाळू होती. वेग कमी केला, वाळू चुकवली आणि गेले. राजापेठेच्या गर्दीत शिरले, भाजीबाजारात आपट्याची पानं घेतली, बेबीताई दिसली तिला हॉर्न मारला. ती नालीत पडता पडता वाचली. खूप दिवसांनी कोणी मला "मावशी, हळू" म्हटलं नाही. उलट एक पोट्टा म्हणाला, "ओ मावशी, बाजूले घ्या नं!" काय बरं वाटलं म्हणता.

परत गल्लीत वळले तर हे तसेच उभे, फाटक दोन्ही हातांनी घट्ट धरून. मला पाहिलं. ताठ झाले. डोक्यावरची टोपी सारखी केली, मूठ तोंडासमोर माईकसारखी धरली, आणि तो जुना आवाज निघाला. बेबीताईची पोरं गच्चीवर धावली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. भाजीबाजारावरून येणारी तेल्हाऱ्याची लुना..." इथं आवाज फाटला. पुन्हा घसा साफ केला. "...पोचलेली आहे. पोचलेली आहे."

माझ्या डोळ्यांना समोरचं काही दिसेना. ब्रेक दाबून कशीबशी उभी राहिले आणि म्हटलं, "अजी, मंग फाटक तर उघडा!"