लोहगड आणि जाजमावरची चार पावलं

आमच्या नात्यातली काही म्हातारी माणसं मला अजून लंगडी समजतात. परवा एका लग्नात एका आजीबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम खुर्ची आणवली आणि विचारलं, "पायाचं कसं आहे गं आता?" माझ्या पायाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की सोळाव्या वर्षी मी लोहगड चढून आले.

तेव्हा आम्ही तळेगावात राहत होतो. विजेच्या गाड्या सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. सकाळच्या गाडीत बसलं की वडगाव, कामशेत करत तासाभरात मळवलीला उतरता यायचं. थोरला भाऊ दर हिवाळ्यात दोस्तांबरोबर जायचा. आज विसापूर, उद्या लोहगड. परत आला की चार दिवस घरात दुसरा विषय नसे. त्याला कधी कुणी विचारलं नाही, सोबत कोण आहे म्हणून. आम्ही चार मुली आणि आमच्या शाळेतल्या बाई फलाटावर उभ्या राहिलो, तर तिकीट तपासणाऱ्यापासून शेंगदाणेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच प्रश्न. शेवटी बाई चिडून म्हणाल्या, "पाच जणी आहोत. आणखी किती सोबत लागते?"

बाईंनी महिन्याला एक डोंगर करायचा असं ठरवलं होतं. लोहगड नीट पार पडला तर पुढे राजमाची, मग तिकोना. मला यातला एकही सोडायचा नव्हता. घरात आत्या तेवढी विरोधात होती, कारण येत्या गुरुवारी पुण्याची मंडळी मला बघायला येणार होती आणि उन्हानं तोंड रापलं तर काय, ही तिची काळजी. वडिलांनी मात्र आनंदानं होकार दिला. ते लोणावळ्याच्या एका कचेरीत कारकून होते. रोज गाडीच्या खिडकीतून लोहगड बघायचे, पण चढले कधीच नव्हते. स्टेशनावर ते स्वतः आले, माझं तिकीट काढलं आणि म्हणाले, "वरून काय काय दिसतं ते नीट बघून ये. मला सगळं सांग."

माझ्या पायात भावाचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे चिंध्या कोंबलेले. चपला डोंगरात टिकायच्या नाहीत, आणि घरंदाज मुलगी अनवाणी कशी जाईल, असं आईचं म्हणणं. भाजे गाव मागे टाकून चढाला लागलो तशी टाच हुळहुळायला लागली. समोरून एक बाई डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन झपाझप उतरत होती, मळवलीची गाडी गाठायला. माझ्याकडे बघून थांबलीच.

"अगं ए पोरी, पायात त्ये काय घातलंयास? काड की. डोंगुर का असल्या जोड्यानं चढत्यात व्हय?"

"असू दे मावशी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे मंग. टाच सोलंल तवा कळंल. कुटं, गडावर निगालाय? जावा जावा. लय ग्वाड वारं हाय वर."

दिवसभरात भेटलेल्यांपैकी सोबत कोण म्हणून न विचारणारी ती एकटीच. तिचं ऐकायला हवं होतं. पण मी पडले घरंदाज.

गायमुख खिंडीत जरा टेकलो, मग पायऱ्या, मग एकामागून एक दरवाजे. शेवटच्या दरवाजातून आत शिरले तेव्हा मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. घरात मला कधी कुणी ओरडू दिलं नव्हतं, एवढं आठवतं. गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेवर, विंचूकाट्यावर गेलो. दोन्ही बाजूंना दरी, खाली पवनेचं खोरं, समोर तुंग आणि तिकोना. वारा असा की पदर आवरेना, आणि कुणी आवर म्हणतही नव्हतं. इतकी सुखी मी त्याआधी कधी झाले नव्हते.

संध्याकाळी वडिलांनी मला समोर बसवून सगळं ऐकलं. विंचूकाटा किती रुंद ते दोनदा विचारलं. टाचेचा फोड मी कुणाला दाखवला नाही. तो सोमवारी फुटला.

गुरुवारी पुण्याची मंडळी आली. मुलगा, त्याचे काका आणि एक मावशी. आमच्या घराच्या चार पायऱ्या चढून काकांना एवढा दम लागला की पाणी पिऊनही ते बराच वेळ बोलले नाहीत. बोलायला लागले ते मात्र थांबेनात. वाचून दाखव, सुई ओवून दाखव. मग म्हणाले, "जरा चालून दाखव बरं." म्हणजे बाजारात खोंड घेताना करतात तसं.

मी जाजमावरून चार पावलं टाकली. तिसऱ्याला टाच टेकेना.

"पायात दोष आहे का?" काकांनी विचारलं.

खरं काय ते सांगायला कितीसा वेळ लागतो? पण आत्या घाईघाईनं म्हणाली, "लहानपणी पडली होती हो. तेव्हापासून जरासं..."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मुलगी गड चढून आली हे सांगण्यापेक्षा मुलगी लंगडी आहे हे सांगणं माझ्या सख्ख्या आत्याला सोपं वाटलं! मी तिथेच म्हटलं, "मी पडलेबिडले नाही. रविवारी लोहगडावर गेले होते. बुटानं टाच सोलली आहे."

मग काका वडिलांकडे वळले. "आपल्या परवानगीनं?"

वडिलांनी जाजमाकडे पाहिलं. "नाही. मला ठाऊक नव्हतं."

बाई पालकांच्या हातची चिठ्ठी घेतल्याशिवाय कुणालाच गाडीत बसू देत नसत. माझी चिठ्ठी वडिलांनी झोकदार अक्षरात लिहिली होती आणि खाली सही केली होती. ती बाईंकडे होती. हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. लोहगडावर ओरडणारी मी, माझ्याच घरात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची चीड मला अजून येते.

काका जोडे घालताना म्हणाले, "पायात व्यंग असतं तरी एक वेळ विचार केला असता हो. पण डोंगर हिंडणारी मुलगी घरात आणायची म्हणजे..." पुढचं त्यांनी पूर्ण केलं नाही. आमच्या मंडळींनी मात्र त्यातून धडा घेतला आणि नात्यात आत्याचीच कथा पसरवली. हिंडणारीपेक्षा लंगडी बरी.

दिवेलागणीला वडील खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्यापाशी येऊन बसले. "दाखव बघू टाच. फार दुखतंय?"

मी पाय ओढून घेतला. "कशानं दुखतंय ते तुम्हाला ठाऊक नाही," मी म्हटलं. ते वाटी ठेवून उठले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या महिन्यात बाईंनी राजमाची ठरवली आणि चिठ्ठ्या मागितल्या. वडील ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी आत बसून त्यांच्यासारखं झोकदार अक्षर काढत चिठ्ठी लिहिली आणि खाली त्यांची सही केली. या खेपेला त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.