मॅचिंग अण्णांची वेबसाइट

मॅचिंग अण्णा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. ते साडीकडे बघायचे, आणि मनात येईल ते साडीलाच ऐकवायचे. गिऱ्हाइकाने ते स्वतःला लावून घ्यायचं की नाही, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न.

लग्न होऊन मी कानडी मुलखात, बसवनगुडीत आले, त्या वर्षीची गोष्ट. नवरा सरकारी संशोधन संस्थेत. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि मधल्या वेळात मला मराठी बोलायला भिंतींशिवाय कुणी नव्हतं. मावसबहिणीने दिलेली एक शेवाळी साडी घेऊन मी गांधीबझारच्या मागच्या गल्लीतल्या अण्णांच्या चिंचोळ्या मॅचिंगच्या दुकानात शिरले. मोडक्या हिंदीत ब्लाउजपीस मागितला. अण्णांनी साडीचा काठ उलटा करून पाहिला आणि सरळ मराठीत विचारलं, "कुणी दिली?"

"मावसबहिणीने," मी म्हटलं.

"भांडण झालेलं काय तिच्याशी?"

मला राग यायला हवा होता. पण आपल्या भाषेत अपमान होऊनही किती महिने झाले होते. अण्णांनी मागे न बघता एक गठ्ठा ओढला, त्यातला एक तुकडा काढला आणि साडी-तुकडा दोन्ही घेऊन उंबऱ्यावर उजेडात गेले. तुकडा साडीत असा मिसळला की तो कुठे संपतो ते दिसेना. "घ्या," ते म्हणाले. "साडी सुधारणार नाही. पण लाज राहील."

अण्णांचं घराणं शिंप्याचं. पणजोबांच्याही आधी कुणीतरी इकडे आलं आणि राहिलं. त्यांच्या मराठीत मध्येच 'स्वल्प थांबा' यायचं, 'बरं'च्या जागी 'सरी' यायचं, आणि रंगांची नावं मात्र कुठल्याच भाषेला ऐकायची नाहीत. चिंतामणी, अंजिरी, कुसुंबी, वांगी, आमसुली. कुणी 'लाइट ग्रीन दाखवा' म्हटलं की ते शांतपणे विचारायचे, "कुठला? पोपटाचा, पिस्त्याचा, का तब्येत बिघडलेल्या माणसाचा?"

तुच्छतेच्या त्यांच्याकडे पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर पॉलिएस्टर. खालोखाल 'कुठलाही चालेल' म्हणणाऱ्या बायका. मग इंदिरानगरची बुटीक, जिथे म्हणे गिऱ्हाइकाला आधी पाणी देतात. "पाणी दिलं की समजायचं, कापडात दम नाही." दुकानाबाहेर स्कूटरवर बसून हॉर्न वाजवणारे नवरे तर त्यांच्या हिशेबी माणसांतही नव्हते. आणि मी तिथे जायला लागल्यावर काही वर्षांनी या सगळ्यांना मागे टाकून मोबाइल पुढे आला होता. पोरी यायच्या, साडी घरी ठेवून, फोनमधला फोटो पुढे धरायच्या. अण्णा त्या काचेकडे क्षणभर बघायचे. "साडी आणा अम्मा. फोटोला ब्लाउज लागत नाही."

त्यांची बायको लवकर गेली होती. रेवती ही एकुलती मुलगी. इंदिरानगरातल्या कुठल्याशा कंपनीत कामाला, वडिलांइतकीच ताठ, फक्त आवाज हळू. गल्लीत गिऱ्हाईक कमी झालेलं तिला दिसत होतं. तयार ब्लाउज आले होते, मोठ्या दुकानांत साडीबरोबरच तुकडा मिळत होता, आणि कोरमंगल्याच्या पीजीत राहणाऱ्या मुलींना हे दुकान पृथ्वीवर आहे हेच माहीत नव्हतं. एका रविवारी माझ्यासमोर तिने विषय काढला.

"अप्पा, आपण वेबसाइट करू."

"कशाला? दुकानाला दार आहे."

"दार कुणाला दिसत नाही."

"ज्याला दिसत नाही त्याला रंग काय दिसणार?"

रेवतीने तरीही ती केली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मदतीने. उघडल्या उघडल्या एक गोरी बाई हातात पिशव्या घेऊन खदखदून हसताना दिसायची. तिच्याखाली 'आमचा प्रवास' असा मजकूर होता. अण्णांचा प्रवास घर ते दुकान एवढाच होता, तोही पायी. रेवतीने फोन त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी चष्मा वर-खाली केला. "ही कोण?"

"नुसतं चित्र आहे अप्पा. सगळे टाकतात."

"हिने साडी नेसलीय कधी? हसतेय कशाला एवढी?" मग रंगांची यादी आली. टील, वाइन, मॉव्ह. अण्णांनी फोन परत दिला. "दारूचा रंग म्हणजे कुठला? आधी पाजा, मग विचारा."

मला आतून बरं वाटत होतं. मी स्वतः त्या वेबसाइटला चारचौघांत नावं ठेवली. आमच्या इथल्या मराठी मंडळात तेव्हा जो तो दुकानदारांना शिकवत सुटला होता, की वेबसाइट नाही म्हणजे तुम्ही नाहीच. लोणच्याच्या बरण्या विकणाऱ्या घरगुती बायकांच्याही वेबसाइटी झाल्या होत्या, आणि त्या बायका एकमेकींच्याच बघत होत्या. शिकवणारे स्वतः दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून आणत, आणि त्याने दार लावलं असलं तर मागच्या दाराने हाका मारत.

ऑर्डरी आल्या, नाही असं नाही. आणि गेल्या तशा परतही आल्या. पडद्यावर दिसलेला रंग आणि हातात आलेला रंग एक नव्हता. अण्णांनी परत आलेली पाकिटं दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली. कुणी विचारलं की म्हणायचे, "हे रेवतीचं दुकान. माझं आत आहे."

रेवती वाद घालत बसली नाही. तिने वेबसाइटवरचे रंगांचे फोटो काढून टाकले आणि नवी पद्धत लावली. गिऱ्हाइकाने साडीचं जे टोक नेसताना आत खोचलं जातं त्याची बोटभर चिंधी कातरायची आणि कुरियरने पाठवायची. अण्णा तिच्याशी तुकडा जुळवून पाठवतील. ही कल्पना त्यांना नाकारता येईना, कारण ती त्यांचीच होती; खरं कापड आल्याशिवाय खरा रंग नाही. हुबळीहून, म्हैसूरहून, पुण्याहून पाकिटं येऊ लागली. अण्णा एकेक चिंधी चिमटीत धरून पाठवणाऱ्या बाईचं चारित्र्य सांगायचे. "ही कंजूष. ही नवऱ्याला घाबरते. हिला कुणीतरी फसवलंय." पण चेहऱ्यावर तेज यायचं. दुकानात पुन्हा कातरीचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग तीही पाकिटं परत यायला लागली. या वेळी चिंधीसकट. 'रंग वेगळा आहे' अशी चिठ्ठी असायची. अण्णा भडकले. लोकांचे डोळे फोनमध्ये जाऊन फुटलेत, असा त्यांचा निकाल होता. गल्ल्यावरही भांडणं वाढली. एकदा मी तिथे बसले असताना एक वयस्कर कन्नड बाई आल्या. हनुमंतनगरला राहायच्या, आम्ही त्यांना सरोजम्मा म्हणून ओळखत होतो. गडद जांभळी रेशमी साडी आणि अण्णांनी दिलेल्या तुकड्याचा शिवून झालेला ब्लाउज त्यांनी पुढे ठेवला. नातीच्या लग्नासाठी शिवला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, जुळत नाही हो हे. अण्णांनी दोन्हीवरून बोट फिरवलं आणि दुकानात चार बायका असताना म्हणाले, "कण्णु चेक माडिसी अम्मा." डोळे तपासून घ्या. एका मुलीला हसू आलं. सरोजम्मांनी ब्लाउजची घडी केली, साडीत ठेवली आणि निघून गेल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी रेवती उंबऱ्यावर बसून परत आलेली पाकिटं उघडत होती. मी समोरच्या स्टुलावर होते. तिने एक चिंधी तुकड्यावर ठेवली. मग दुसरी. मग तिने लाल आणि पिवळी वेगळी केली; ती थोडीच होती, आणि ती जुळत होती. उरलेली सगळी निळी, जांभळी, वांगी. एकही जुळत नव्हती. चिंधी जांभळी, तुकडा करडाच. हे दिसायला कुणाचंही घराणं शिंप्याचं असायची गरज नव्हती.

"अप्पा," तिने विचारलं, "हे दोन एकच आहेत?"

अण्णा उजेडात आले. वाकून पाहिलं. "एकच. का?"

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. अण्णांना तेवढं पुरलं. त्यांनी चिंधी पुन्हा उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि मग पाकिटात परत घालून ते आत जाऊन बसले.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, बराच पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं की हे हळूहळू होतं, माणसाला कळत नाही, आणि निळ्या-जांभळ्यातला फरक लवकर जातो. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी जायच्याऐवजी अण्णांनी ऑटो दुकानाकडे वळवायला लावली. रेवतीने शटर उचललं. ते निळ्या कप्प्यासमोर उभे राहिले. हाताने एक डोळा झाकला, मग तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. रेवती मला नंतर म्हणाली, "ते किती वेळ तसं करत होते. मला वाटलं रडतील. पण ते नुसते गठ्ठे काढून खाली ठेवत गेले. सगळे चुकीच्या कप्प्यात होते."

दुसरा डोळाही बरा झाला. अण्णा दुकानात येत होते, पण साड्यांना काही ऐकवत नव्हते. बायकांना ते जास्त भयंकर वाटायचं. एके दिवशी त्यांनी रेवतीला फोन करून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "त्या तुझ्या वेबसाइटवर लिही."

"काय लिहू?"

"ह्या दुकानातून घेतलेला निळा, जांभळा, वांगी तुकडा जुळला नसेल तर चूक आमची. परत आणा. बिल नको."

रेवतीने लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिने 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं शेवटी जोडलं होतं.

"ते काढ," अण्णा म्हणाले. "दिलगीर बँकवाले असतात. चुकलं म्हणून लिही. आणि ती हसणारी बाई पण काढ. हसण्यासारखं काय झालंय?"

मजकूर कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लागला. मला तेव्हाही वाटलं, हे वाचणार कोण. ज्या बायका चिडून गेल्या त्या पुन्हा कशाला बघतील? वेबसाइटबद्दलचं माझं मत तसं फारसं बदललेलं नाही. तिने त्या दुकानाचं गिऱ्हाईक वाढवलं नाही. मोठी दुकानं मोठीच राहिली. पण दुकानात येऊन तुकडा नेलेल्या ज्या बायकांपर्यंत अण्णांना पोचायचं होतं त्यांचे पत्ते त्यांच्याकडे नव्हते. दारावर पाटी लावून उपयोग नव्हता, कारण त्या बायकांनी त्या दाराशी येणंच सोडलं होतं. आणि त्या यायला लागल्या. कुणाच्या सुनेने वाचलेलं, कुणाच्या मुलीने. काहींनी तुकडे बदलून नेले, काहींनी येऊन नुसतं भांडण उकरून काढलं. अण्णा ऐकून घेत. ते ऐकून घेताना बघणं मला जड जायचं.

अण्णा जाऊन आता बरेच दिवस झाले. एका सकाळी चहा पिताना बसल्या जागी गेले. रेवतीने नोकरी सोडली नाही. दुकान आवरलं, माल दुसऱ्या एकाला दिला. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांचे टोमणे सांगतात आणि हसतात. मला मात्र सरोजम्मा परत आल्या तो दिवस आठवतो.

शनिवार होता, रेवतीला सुट्टी होती, मीही होते. सरोजम्मा नातीचा हात धरून पायरी चढल्या. पिशवीतून तोच ब्लाउज काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवला. लग्न कधीच होऊन गेलं होतं. अण्णा उठून उभे राहिले. गिऱ्हाइकासाठी त्यांना उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बदलून देतो अम्मा," ते कन्नडमध्ये म्हणाले.

"बेडा," सरोजम्मा म्हणाल्या. नको. "लग्नात हाच घातला. फोटोत पण हाच आहे. बदलून काय करू?"

"मग?"

"हिने वाचून दाखवलं तुम्ही लिहिलेलं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

अण्णांनी पहिल्यांदाच साडीकडे, ब्लाउजकडे, कशाकडेच न बघता त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचे डोळे बरोबर होते," ते म्हणाले. "माझे गेले होते."

सरोजम्मांनी मान हलवली. ब्लाउज पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता निघतील. त्यांनी पिशवीतून दुसरी साडी काढली. फिकट जांभळी, आमच्याकडे जिला जांभूळफुली म्हणतात तशी. "यावर तुकडा दाखवा," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

अण्णांनी साडी हातात घेतली. कप्प्याकडे हात नेला, एक तुकडा काढला, साडीवर ठेवला. मला तो अगदी जुळलेला दिसत होता. त्यांनी तो सरोजम्मांना दिला नाही. वळून दोन्ही रेवतीच्या हातात ठेवली.

"उजेडात ने," ते म्हणाले. "तू बघ."